गाझी : विक्रांतच्या मागावर, दोनदा

पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ म्हटलं की विशाखापट्टणम आठवतं. पण सप्टेंबर १९६५ मध्ये ती मुंबईबाहेर दबा धरून होती, तेही मोठ्या सावजासाठी. भारताची विमानवाहू नौका विक्रांत तेव्हा मुंबईच्याच गोदीत दुरुस्तीला होती. पुढे भारतीय युद्धनौका ‘ब्रह्मपुत्रा’वर टॉर्पेडो डागल्याचा दावा झाला, ब्रह्मपुत्रा धडधाकट होती.

मूळची ही अमेरिकी ‘डायब्लो’, टेंच वर्गातली, ३१ मार्च १९४५ ला नौदलात दाखल. ती पहिल्या गस्तीच्या जागी पोहोचेस्तोवर जपान शरण आला. १९६४ मध्ये पाकिस्तानला भाडेकराराने मिळाली. टॉर्पेडोच्या नळ्या दहा: सहा पुढे, चार मागे.

१९७१ मध्ये पाकिस्तानकडे नव्याकोऱ्या फ्रेंच पाणबुड्या होत्या, तरी बंगालच्या उपसागरात ही सव्वीस वर्षांची म्हातारी धाडली. कारण सरळ आहे: कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून जायचं, तिथे थांबायचं आणि परत यायचं, एवढा पल्ला तिचाच. पाण्यावरून दहा नॉटने सुमारे ११,००० सागरी मैल. १४ नोव्हेंबरला ती निघाली. विक्रांत अंदमानात होती. विशाखापट्टणमहून खोटे बिनतारी संदेश सोडून भारताची विनाशिका ‘राजपूत’ विक्रांतचं सोंग वठवत होती.

३ डिसेंबरच्या मध्यरात्री राजपूतने बंदराबाहेर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब, टाकले. थोड्या वेळाने प्रचंड स्फोट झाला. गाझीवरचे नव्वदहून अधिक जण गेले, एकही वाचला नाही.

श्रेय राजपूतचं की नाही, यावर अजून भांडणं होतात. बोटीचा पुढचा भाग सर्वाधिक फाटलेला, म्हणून आतल्या स्फोटाचा संशय घेतला जातो. स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर ती गेली, असंही म्हणतात. मला बॅटरीचा मुद्दा उगाच बाजूला टाकला जातो असं वाटतं. या बोटींत २५२ सेल असत. चार्जिंग संपत आलं की सेलमधून हायड्रोजन जोरात सुटतो; पंख्यांनी तो सतत खेचून काढावा लागतो. हवेत चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. स्नॉर्केल (पाण्याखालून हवा घ्यायची नळी) वर काढून डिझेल चालू असताना जहाज दिसलं, तर इंजिन बंद करून बुडी मारावी लागते. चार्जिंग थांबलं तरी सेल लगेच शांत होत नाहीत, आणि बाहेरची हवा तोवर तुटलेली असते. त्यात जवळ डेप्थ चार्ज फुटला, तर दोन्ही कारणं एकत्रही येऊ शकतात. निकाल लावायचा तर सांगाडा वर काढून तपासायला हवा होता. भारताने तो काढला नाही.