तुम्ही विचारलंत म्हणून: चौघांच्या प्रोजेक्टमध्ये माझं काम कोणतं?

बी.एस्सी. जिऑलॉजीला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघांनी पुरंदर तालुक्यात विहिरींचा प्रोजेक्ट केला, आणि तेव्हापासून मामापासून ज्युनियर्सपर्यंत सगळे हेच विचारतात, की चौघं होतात ना, मग त्यात तू नेमकं काय केलंस?

नुसतं काम सांगायचं तर मी टेप सोडायचे. कठड्यावरून पाण्यापर्यंत टेप सोडायची, त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते कळतं. एकाकडे ईसी मीटर होता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारा, त्यावरून पाण्यातल्या क्षारांचा अंदाज येतो, दुसरा लोकेशन आणि उंची मॅपवर टाकायचा, आणि आमची मैत्रीण शेतकऱ्यांशी बोलायची. बोलणं म्हणजे सोपं काम असं सगळ्यांना वाटतं, पण मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती स्वतः शेतकऱ्याच्या घरातली, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला, "काका, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे का दिवसाची?" कारण रात्री मोटार चालली असेल तर सकाळी मी मोजते ती उपसा झाल्यानंतरची पातळी, विहीर पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि हे माहीत नसेल तर माझ्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

आपल्याकडचा बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. अखंड खडकात पाणी मावत नाही, ते असतं झिजलेल्या भागात, मुरमात आणि भेगांमध्ये. म्हणून बांधाच्या अलीकडे मे महिन्यातही पाणी आणि पलीकडे खडखडाट असं होऊ शकतं. कऱ्हा नदीच्या बाजूला आम्हाला विहिरींची अशीच एक जोडी सापडली! टेपने फरक दाखवला, ईसीही दोन्हीकडे वेगळी आली, मॅपवर बघितलं तर दोन्ही विहिरींचे तळ वेगवेगळ्या उंचीवर, आणि मग तिथल्या आजींनी मैत्रिणीला सांगितलं की विहीर खणताना इकडे मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, लागला होता, तिकडे नुसता काळा पाषाण, सुरुंग लावून लावून माणसं थकली. तेव्हा कुठे चित्र जुळलं. आता यातलं माझं किती आणि तिचं किती, कसं वेगळं काढू?

भांडणं झाली, ऊन चढलं की जास्तच, पण रात्री वही उघडून दिवसभराचे आकडे एकमेकांना वाचून दाखवायचे हा नियम आम्ही मोडला नाही, आणि ग्रुपमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, कारण बऱ्याच शंका तिथेच निघतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, आमच्याकडे फक्त उन्हाळ्याचे आकडे आहेत. म्हणून पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरींवर परत जायचंय, दोन्हीकडची पातळी किती चढली ते बघायला. यावेळी टेप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन लोकांशी मी बोलणार आहे, मला ते शिकायचंय.