ऑइलमध्ये पळस रंगवायला शिकले – माझा अनुभव

वसंत ऋतूचं लँडस्केप म्हणून यूट्यूबवर शोधलं की सगळीकडे वितळणारा बर्फ नाहीतर पोपटी कोंब. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तसलं काही नसतंच, गवत वाळून पिवळं, भाताची खाचरं रिकामी, मधेमधे राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर जाळलेला पालापाचोळा) भाजल्याचे काळे चट्टे, डोंगर धुरकट, आणि त्यात बांधावर एक पळस फुललेला. मला नेमकं तेच रंगवायचं होतं, मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याहून दिसणारा नानाचा अंगठा हा नाणेघाटाजवळचा डोंगर आणि अलीकडे पळस. वॉटरकलर बरीच वर्षं करतेय पण ऑइल पहिल्यांदाच.

आमच्या सरांनी पहिल्यांदा केशरी ट्यूबला हातच लावू दिला नाही. म्हणाले सगळं चित्र आधी बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे नुसत्या गडद तपकिरीत कर, टर्पेंटाइन घालून पातळ. मला वैताग आला खरं सांगते, पण त्याचा फायदा कळला. डोळे किलकिले करून बघितलं की डोंगर आपल्याला वाटतो तितका गडद नसतोच, कड्यातली सगळ्यात काळी घळसुद्धा समोरच्या बांधाच्या सावलीपेक्षा बरीच फिकी असते, आणि हे एकदा जमलं की अर्धं अंतर रंगाशिवायच दिसायला लागतं. शिवाय अंबरमध्ये मँगनीज असतं त्यामुळे तो थर पटकन वाळतो, पुढच्या कामाला बरं.

मग ग्रे. नळीतला काळा बंद, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करायचे, निळा जास्त घेतला की धुरकट डोंगर, सिएना जास्त घेतला की माती, दोन्हीत पांढरा कमीजास्त. वाळलेल्या गवताला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि व्हाइट, पण नुसतं तेवढं फार गोड दिसतं, त्यात त्याच ग्रेचा चिमटा टाकला की उन्हातलं गवत वाटतं. माझा सगळ्यात जास्त वेळ या कंटाळवाण्या रंगांतच गेला आणि माझं मत विचाराल तर चित्र खरं वाटतं ते यांच्यामुळेच, भोवती सगळं मळकट असेल तरच पळस उठतो.

पळसाला तेव्हा पान जवळजवळ नसतं, फांद्या वेड्यावाकड्या, आणि फुलाच्या बुडाशी मखमली, काळपट तपकिरी भाग असतो तो लांबून केशरीच्या मधे गडद ठिपक्यांसारखा दिसतो. तो गडद आधी लावायचा, खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा (ओल्यावर केशरी लावला तर ग्रे ओढून घेतो आणि चिखल होतो), मग थोडं जवसाचं तेल घालून वर जाड कॅडमियम ऑरेंज, ब्रश न घासता नुसता टेकवायचा. पातळ खाली आणि तेलकट वर, उलट केलं तर पुढे तडे जातात. उन्हाच्या बाजूला कॅडमियम यलो, सावलीत कॅडमियम रेड, पांढरा मात्र जवळपास नाहीच, व्हाइट घातला की पळसाची मँगो मस्तानी होते. मोबाइलच्या फोटोवर पण विसंबू नका, फोन केशरीचा एकच सपाट डाग करून टाकतो, मी सकाळी तिथेच बसून छोट्या कागदावर रंग जुळवून आणले होते तेच शेवटपर्यंत कामाला आले.

आणि हो, जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्यांचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पाण्यात भिजवून मगच फेका.

फायनल व्हार्निशला (चित्रावरचा शेवटचा पारदर्शक थर) साधारण सहा महिने थांबायचं असतं. मार्चचं चित्र म्हणजे सप्टेंबर आला, पण दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक येते म्हणून मी दिवाळीच्या सुमारास करणार आहे. तोवर चित्र कपाटात ठेवलेलं नाहीये, अंधारात तेल पिवळं पडतं, हॉलमध्येच टांगलंय, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर.