राणीची सोनोग्राफी

मंगळवार, रात्र

आज आमच्या कुत्रीच्या, राणीच्या पोटाची सोनोग्राफी झाली. प्लीहा सुजलीय आणि तिच्यात बारीक काळपट ठिपके आहेत. यकृत तूर्त ठीक वाटतंय. डॉक्टरांनी लगेच सुईने प्लीहेतल्या पेशी काढून घेतल्या. "रिपोर्ट येईपर्यंत मी नक्की सांगणार नाही, पण मनाची तयारी ठेवा," म्हणाले.

पावसाळ्यात खाज सुटली तेव्हा ती गोचिडांची असेल असंच सगळ्यांना वाटलं. खरजेचं औषध झालं, बुरशीचा शाम्पू झाला. मग तिच्या काळ्याभोर नाकावर गुलाबी डाग पडले, ओठांच्या कडा लाल होऊन चिघळल्या, पाठीवरून पापुद्रे गळायला लागले. दहा वर्षांच्या कुत्रीला म्हातारपणी पहिल्यांदाच ॲलर्जी? तिथे डॉक्टरांना शंका आली. स्टेरॉइड सुरू करण्याआधीच त्यांनी कातडीचे तुकडे काढले, कारण स्टेरॉइड चालू असलं की बायोप्सीतलं चित्र पुसट होतं. त्यांचा हा आग्रह फार मोलाचा ठरला.

निदान आलं : एपिथेलिओट्रॉपिक टी-सेल लिम्फोमा, म्हणजे कातडीचा एक कर्करोग. शरीराची राखण करणाऱ्या टी पेशीच बेफाम वाढतात आणि कातडीच्या वरच्या थरात ठाण मांडतात. माणसांत याच जातीचा आजार पुष्कळदा वर्षानुवर्षं कातडीपुरता राहतो. कुत्र्यांत तो तेवढा धीर धरत नाही, बहुतेकदा हिशेब महिन्यांचाच असतो. आधी जबड्याखालच्या, गुडघ्यामागच्या लसिकाग्रंथी फुगतात, पुढे रक्त, प्लीहा, यकृत, फुप्फुसं, अस्थिमज्जा. राणीच्या जबड्याखाली आता सुपारीएवढी गाठ सहज हाताला लागते. दुखत नाही तिला. मी चाचपते तेव्हा उलट मान वर करून देते.

सोसायटीतल्या एकींनी आज मुलांना तिच्यापासून लांब ओढलं. हा आजार संसर्गजन्य नाही, माणसाला नाही की दुसऱ्या कुत्र्यालाही नाही. हे मी प्रत्येकाला थांबवून सांगणार आहे. या दिवसांत कुणी तिला झिडकारलेलं मला अजिबात चालणार नाही.

औषध लोमुस्टिन, साधारण तीन आठवड्यांनी एकदा. कॅप्सूल फोडायची नाही, हातमोजे घालूनच द्यायची. आठवड्याभराने पांढऱ्या पेशी मोजायच्या, कारण त्या एकदम खाली येतात. यकृतावरही लक्ष ठेवायचं, त्याला हे औषध सोसत नाही. याने आजार मुळातून जात नाही, काही काळ मागे हटतो. आई म्हणाली, "अगं, त्या मुक्या जिवाला किती टोचायचं?" तिचं चुकत नाही. पण काल प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे राणी रात्रभर न खाजवता झोपली, आणि तशा आणखी रात्री मिळणार असतील तर त्या मला तिच्यासाठी हव्या आहेत.

उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय. पेशी आणि यकृत बरं निघालं तर पहिली कॅप्सूल शुक्रवारी. नाहीतर प्रेडनिसोलोनवरच राहायचं, हे आईचं आणि माझं आज ठरलं.