हाताच्या कातडीची अर्धी जीभ: माझा अनुभव

जिभेचा कॅन्सर काढून त्या जागी हाताची कातडी बसवली आहे असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तिथे चव कळते का?" नाही कळत. गरम-गार कळत नाही, टोचलेलं कळत नाही, आणि तो भाग स्वतःहून हलतही नाही. मग बसवायचा तरी कशाला, हे मी ऑपरेशनआधी सर्जनना विचारलं होतं. ते म्हणाले, "आम्ही तुम्हाला नवीन जीभ देत नाही. उरलेल्या जिभेला हलायला मोकळीक राहावी म्हणून जागा भरून देतो." जखम नुसती ओढून शिवली तर उरलेली जीभ तोंडाच्या तळाशी जखडून बसते आणि बोलणं, गिळणं दोन्ही अवघड होतं. पुढे प्रत्येक वेळी निराश झालो की हे उत्तर आठवायचं.

माझा व्रण जिभेच्या उजव्या कडेला होता. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तपासून घ्यायची, या साध्या नियमाने दंतवैद्यांनी पुढे पाठवलं आणि बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे वरच्या आवरणाच्या पेशींत सुरू होणारा कॅन्सर, निघाला. मी तंबाखूला कधी हात लावलेला नाही. हे इथे लिहायची गरज नव्हती, पण भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा, जणू उत्तर 'हो' आलं असतं तर आजार कमी झाला असता.

एमआरआयमध्ये गाठ किती पसरली आहे याबरोबरच किती खोल गेली आहे हे पाहिलं. २०१८पासून स्टेज ठरवताना ही खोलीही धरतात. मला पटायला जड गेला तो मानेचा भाग. मानेत हाताला काही लागत नव्हतं, स्कॅनही स्वच्छ होता, तरी मानेतल्या लसिका ग्रंथी (बोलीत 'गाठी') काढणार म्हणाले. डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. सुरुवातीच्या स्टेजच्या रुग्णांचे त्यात दोन गट होते. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते; गाठ दिसली तरच काढू म्हणून थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. मी सही केली.

हात निवडायची तपासणी बघण्यासारखी असते. मला डावी मूठ घट्ट आवळायला सांगितली. डॉक्टरांनी मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबून धरल्या. मूठ उघडली तर तळवा पांढराफटक. मग त्यांनी करंगळीच्या बाजूची धमनी सोडली आणि बघता बघता तळव्यावर गुलाबी रंग पसरत गेला. म्हणजे अंगठ्याच्या बाजूची धमनी काढून घेतली तरी पंजाला रक्त पुरेल. नंतर त्या हातावर स्केच पेनाने 'सुई नको, बीपी नको' असं लिहून ठेवलं. ऑपरेशनआधी तिथली एकही शीर खराब व्हायला नको असते.

ऑपरेशन पूर्ण दिवसभराचं असतं. मी अर्थातच भुलीखाली होतो, हे सगळं नंतर विचारून घेतलेलं आहे. गाठीभोवती साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग धरून जीभ कापतात. हाताची कातडी तिच्या धमनी-शिरांसकट उचलतात आणि तोंडात बेतून शिवतात. तिच्या रक्तवाहिन्या मानेपर्यंत नेऊन, दोन-तीन मिलिमीटर रुंदीची ती तोंडं मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हातावरची उघडी जागा मांडीच्या पातळ सालीने झाकतात. म्हणजे जिभेची भर हाताने काढली आणि हाताची मांडीने.

जाग आली तेव्हा गळ्यात श्वासाची नळी, नाकात खायची नळी, मानेत साचलेलं पाणी काढणारी ड्रेनची नळी, हाताला आधाराची पट्टी (स्प्लिंट). आवाज नाही. गळ्यातली नळी तात्पुरती असते, तोंड सुजून श्वास अडू नये म्हणून. पण हे आधी माहीत असूनही हाक मारता येत नाही हे अंगावर येतंच. पाटी आणि पेन मागून घेतलं होतं ते बरं केलं. उजवा हात मोकळा ठेवायला सांगा, हे मी प्रत्येकाला सांगतो. (डावखुऱ्यांनी उलट.)

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांचं लक्ष माझ्यापेक्षा फ्लॅपकडे, म्हणजे जिभेला बसवलेल्या हाताच्या कातडीकडे, जास्त होतं. अनुभवी ठिकाणी शंभरातले ९५हून अधिक फ्लॅप जगतात, पण बिघडायचंच झालं तर बहुधा याच काळात बिघडतं, आणि काही तासांत लक्षात आलं तरच वाचवता येतं. म्हणून दिवस-रात्र दर तासाला सिस्टर टॉर्च घेऊन यायच्या. रंग बघायच्या, बोटाने दाबून रंग परत किती वेळात येतो ते बघायच्या. एका रात्री त्यांना फ्लॅप जरा निळसर वाटला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी येऊन बारीक सुई टोचली. मला काहीच जाणवलं नाही, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. लालभडक थेंब आला. काळपट रक्त भराभर आलं असतं तर शीर तुंबली असं समजून मला त्याच रात्री परत थिएटरमध्ये नेलं असतं. डॉक्टर "छान" म्हणाले आणि निघून गेले. सिस्टर मात्र त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी आल्या.

दुखण्याचं म्हणाल तर तोंडापेक्षा मांडी जास्त दुखली. साल काढलेली ती जागा सारखी चुरचुरायची.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कापलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून पाच मिलिमीटरहून जास्त अंतराने मोकळ्या होत्या. पण मानेतल्या 'स्वच्छ' गाठींपैकी एकीत कॅन्सर सापडला. त्यामुळे रेडिएशन ठरलं: सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, एकूण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). त्याआधी दातांची तपासणी होते, कारण रेडिएशन घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून न येण्याचा धोका असतो. माझ्या दोन किडक्या दाढा तेव्हाच गेल्या. रेडिएशनबद्दल जास्त लिहीत नाही. तोंड सोलून निघतं, लाळ आटते, चव जाते, आणि संपल्यानंतरचे पहिले एक-दोन आठवडे सर्वांत वाईट असतात. एक फायदा मात्र झाला. माझा हात केसाळ, त्यामुळे जिभेवर चक्क केस उगवले होते. सिस्टर कात्रीने ते कापायच्या आणि मला हसवायच्या. रेडिएशनने ते गेले.

खरं काम स्पीच थेरपिस्टकडे सुरू झालं. गिळायला सुरुवात निळा रंग घातलेल्या पाण्याच्या घोटाने केली. गळ्याच्या नळीतून निळं काही आलं तर पाणी श्वासनलिकेत जातंय. माझं आलं. सगळ्यात सोपं वाटणारं पाणीच सगळ्यात अवघड असतं, कारण ते जिभेला सावरायला वेळ न देता घशात पळतं. म्हणून आधी घट्टसर पदार्थ, हनुवटी छातीकडे झुकवून, घास डाव्या बाजूला ठेवून. गिळून झाल्यावर आरशात उजवी बाजू बघायची, कारण फ्लॅपवर काही अडकून राहिलं तरी कळत नाही. ही सवय मला अजून आहे.

बोलण्यात प, ब, म पहिल्या दिवसापासून ठीक होते, कारण तो ओठांचा कारभार. क आणि ग जिभेच्या मागच्या भागाचे, तेही वाचले. त, द, न हळूहळू आले. पण ट, ड, ण आणि ळ यांना जिभेचं टोक वर वळवून टाळूला टेकवावं लागतं, आणि तिथे माझी गाडी अडली. 'फळा'चा 'फया' व्हायचा. थेरपिस्टनी ळ बरोबर यायचा हट्ट सोडायला लावला आणि टोकाऐवजी डावी कड टाळूला लावून पाहा म्हणाल्या. आता येतो तो ळ अस्सल नाही, पण ऐकणाऱ्याला कळतो. सूज उतरून फ्लॅप मऊ होत गेला तशी ही सुधारणा वर्षभर चालू होती. समोरासमोर फारसं कुणाला जाणवत नाही. फोनवर मात्र नाव दोनदा सांगावं लागतं.

हाताचं म्हणाल तर पकड पूर्ण आहे. तिथली कातडी पातळ, बोटं हलवली की खाली स्नायुबंध सरकताना दिसतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा आहे. खांद्याने जास्त छळलं. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस वाचवली तरी दुखावते. मला उजवा हात डोक्यापर्यंत नेऊन भांग पाडता येत नव्हता. फिजिओथेरपीने आला, पण टाळाटाळ केली की आठवडाभरात पुन्हा आखडतो.

तपासणी पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी असते, नंतर अंतर वाढत जातं. दर वेळी मान चाचपतात आणि पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजतात. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे जबडा आवळला. माझं मागच्या वेळी ३८ होतं. त्यासाठी लाकडी चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. रेडिएशननंतरचं आवळणं खूप उशिरानेही सुरू होऊ शकतं, म्हणून तो व्यायाम दिवसातून तीनदा अजून चालूच आहे.