किचन बजेट

५ जुलै २०१९, केंद्रीय अर्थसंकल्पाचा दिवस. मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी वृत्तवाहिनीत गेस्ट कोऑर्डिनेशन, म्हणजे चर्चेला पाहुणे बोलावण्याचं काम बघायचे. देशाला पहिल्यांदाच पूर्णवेळ महिला अर्थमंत्री मिळाल्या होत्या. लाल कापडातलं वहीखातं घेऊन निघालेल्या निर्मला सीतारामन सकाळपासून स्क्रीनवर होत्या. आणि आमच्या रनडाउनवर, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रकावर? स्टुडिओत सगळे पुरुष, दादरच्या भाजीबाजारात रिपोर्टर, खाली पट्टी: 'किचन बजेट, गृहिणींच्या प्रतिक्रिया'.

यात कुणाचा डाव नव्हता. आमची फोनची यादीच तशी. पुरुष तज्ज्ञ शेतीपासून संरक्षणापर्यंत कशावरही 'येतो' म्हणतात. बाई म्हणते, 'आधी कागद वाचते, मग सांगते.' तेवढा धीर कामं वाटणाऱ्या असाइनमेंट डेस्कला नसतो. तिने रात्री परतायला गाडी मागितली की नखरे ठरतात. (गाडी पुरुषांनाही जाते, बरं का.)

ठाण्याच्या एका सीए बाईंना मी हट्टाने बोलावलं. त्यांची अट एकच, भाषणानंतर वित्त विधेयक चाळायला तासभर हवा. दिला. अँकरचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, सोनं महागणार, महिलावर्ग नाराज?" पीसीआरमध्ये (स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये) मी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "आयात शुल्क १० वरून १२.५ टक्के झालंय, तस्करी वाढू शकते. आता दोन कोटींवरच्या उत्पन्नाच्या वाढलेल्या सरचार्जकडे, म्हणजे करावरच्या अधिभाराकडे येऊ या?" ट्रस्ट म्हणून नोंदलेले परदेशी गुंतवणूकदारही त्यात सापडतील, हे त्यांनी कलम काढून दाखवलं. शेजारचे तोवर 'विकासाभिमुख, पण' यातच अडकले होते.

तेवढ्यात दादरचं फीड आलं. टोमॅटोच्या भावाबद्दल विचारलेली भाजीवाली उलट रिपोर्टरलाच विचारत होती, "बचत गटातल्या बाईला पाच हजारांचा ओव्हरड्राफ्ट देणार म्हणे. कुठल्या बँकेत जायचं?" (ओव्हरड्राफ्ट म्हणजे शिल्लक नसतानाही खात्यातून काढता येणारी रक्कम.) एडिटवर हा तुकडा उडालाच होता. भांडून परत घेतला आणि थेट सीए बाईंपुढे वाजवला. जनधन खातं हवं, सदस्य म्हणून पडताळणी झालेली हवी, असं त्यांनी नीट समजावलं. दिवसभरात प्रेक्षकाच्या उपयोगाचं बहुधा तेवढंच.

ऑगस्टमध्ये सरकारने परदेशी गुंतवणूकदारांच्या भांडवली नफ्यावरचा तो वाढीव सरचार्ज मागे घेतला. प्रसारणाचं बघणाऱ्या आउटपुट हेडने आपणहून विचारलं, "त्या ठाण्याच्या बाईंचा नंबर दे गं." नंबर दिला, सोबत आणखी काही जणींची यादीही चिकटवली. पुढच्या फेब्रुवारीत पॅनलवर दोघी होत्या. त्यातल्या एकीला अँकरने महागाईचंच विचारलं.