आमची वाटचाल : किलोच्या पितळेपासून जहाजांच्या सिग्नल दिव्यांपर्यंत

आमचं मूळ दुकान मुंबईच्या दारूखान्यात, जिथं जुनी जहाजं तोडतात, पितळ आणि गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूचं. बाबा जहाज तोडणाऱ्यांकडून लॉट उचलायचे आणि ओतकामवाल्यांना किलोवर विकायचे, त्यात सिग्नलचा दिवा असो नाहीतर नळाची तोटी, काट्यावर सगळं सारखंच. 1978 ला आयएनएस दिल्ली ही युद्धनौका मुंबईतच तोडली, म्हणजे तीच जुनी अकिलीस जी डिसेंबर 1939 मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटला ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेशी लढली होती. तिच्यातलं काय काय भट्टीत गेलं असेल म्हटलं की मला झोप लागत नाही, बाबा म्हणतात तेव्हा पितळेला भाव बरा होता.

मी दुकानात बसायला लागलो तेव्हा बाबांशी सरळ बोली केली, सिग्नलचा माल मी बाजूला काढणार, वजनाचे पैसे त्याच दिवशी गल्ल्यात भरणार, वरचं माझं. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटचे दुकानदार, हॉटेल सजवणारे आणि शूटिंगला भाड्याने नेणारे, त्यांना चकाकी हवी असते, बाकी काही नाही. खरा धंदा उभा राहिला तो बाहेरचे संग्राहक विचारायला लागल्यावर. ते पहिला प्रश्न किंमतीचा विचारतच नाहीत, "ब्रॉड ॲरो आहे का, पॅटर्न नंबर वाचता येतो का, प्लेटवर साल आहे का" हे विचारतात. ब्रॉड ॲरो म्हणजे ब्रिटिश सरकारी मालावरची बाणाची खूण, पॅटर्न नंबर म्हणजे नौदलाचा त्या वस्तूच्या नमुन्याचा क्रमांक.

सगळ्यात जास्त मागणी ऑल्डिस दिव्याला, म्हणजे हातात धरून उजेडाच्या उघडझापीने संदेश द्यायच्या दिव्याला. लोकांना वाटतं त्यात बल्ब चालूबंद होतो, तसं नाही, बल्ब पेटलेलाच राहतो आणि ट्रिगर दाबला की आतला आरसा कलतो, मग झोत समोरच्या जहाजावर जातो, सोडला की बाजूला. वर नेम धरायला दुर्बीण असते. जहाजावर बसवलेल्या मोठ्या सिग्नल दिव्याला, म्हणजे प्रोजेक्टरला, पुढं पट्ट्यांचं शटर, दांडा मारला की उघडतं. युद्धात रेडिओ वापरला की शत्रूला दिशा सापडायची, म्हणून ताफ्यातली जहाजं एकमेकांशी दिव्यांनी आणि झेंड्यांनीच बोलायची. झेंडे पटकन जोडायच्या इंगलफिल्ड क्लिपा पण येतात, छोट्या असतात पण हातोहात जातात.

आमच्याकडं बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं, बंद आहे, कुणी डबल पैसे दिले तरी. चाक फिरलं की ठोकलेला नंबर पुसट होतो, युद्धकाळातला राखाडी रंग जातो, आणि मग तो दिवा नि रुडकीहून येणारा नवाकोरा पितळी "अँटिक" यात सांगायला फरक काय राहिला? रुडकीवाल्यांचं काम सुबक असतं, माझं काही म्हणणं नाही, फक्त 1942 चं म्हणून विकू नका. आम्ही साबणाचं पाणी, मऊ ब्रश, जाम झालेल्या स्क्रूला तेल, एवढंच करतो.

कथांचा त्रास वेगळाच. कुलाब्याची एचएमआयएस तलवार ही ब्रिटिशांच्या काळातल्या भारतीय नौदलाची सिग्नलचीच शाळा होती आणि 18 फेब्रुवारी 1946 ला नाविकांचा संप तिथूनच सुरू झाला, त्यामुळं विकायला येणाऱ्या अर्ध्याअधिक मोर्स की (संदेश टकटक करून पाठवायचे खटके) "तलवारच्या" असतात. जुनी विक्रांत 2014 पासून दारूखान्यात तुटली तेव्हापासून तर प्रत्येक बोल्ट विक्रांतचा. कागद असेल तरच आम्ही जहाजाचं नाव बिलावर लिहितो, नसेल तर "ब्रिटिश नौदल पॅटर्न, जहाज माहीत नाही". एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर यावरूनच गेली, त्याला नाव लिहूनच हवं होतं.

एक्स्पोर्टचं पण सांगतो कारण सारखं विचारतात. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं झालेली वस्तू खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा माल अजून जातो, पहिल्या महायुद्धाचा नाही, तो इथल्याच लोकांना देतो.

आणि रेडियमवाल्या डायल, म्हणजे अंधारात दिसाव्यात म्हणून किरणोत्सर्गी रेडियमचा रंग लावलेल्या तबकड्या, आम्ही उघडतच नाही. अंधारात चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण मरतो तो चमकणारा पदार्थ, रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. अशी डायल काच फुटलेली असेल तर घेत नाही, कितीही दुर्मिळ असू दे.

आता बाबा पण लॉटमध्ये काही दिसलं की काट्यावर टाकायच्या आधी हाक मारतात. सेमाफोरचे यांत्रिक हात, म्हणजे वेगवेगळ्या कोनात फिरवून अक्षरं दाखवायचे हात, मात्र अजून आमच्या हाती लागलेले नाहीत, कुणाच्या माळ्यावर पडले असतील तर नंबरच्या प्लेटचा फोटो पाठवा, धुळीसकट चालेल.