आईचं शिलाई मशीन, भरलेली डिकी आणि ६२० किलोमीटर

पंक्चर झालं तेव्हा निघून जेमतेम तीन तास झाले होते. नवरा जॅक काढायला मागे गेला, डिकी उघडली आणि तसाच उभा राहिला. स्टेपनी डिकीच्या तळाखाली, जॅक आणि पाना तिच्याच पोटात, आणि त्या तळावर आईचा अर्धा संसार. मागून येणाऱ्या गाड्यांना दिसावा म्हणून ठेवायचा तो लाल त्रिकोण? तोही तिथेच. वरून पावसाची भुरभुर. पुढची चाळीस मिनिटं आम्ही पुस्तकांची खोकी, भांड्यांचं पोतं, गाद्यागिरद्या आणि शिलाई मशीन एकेक करून रस्त्याकडेच्या गवतावर मांडत होतो. आई छत्री घेऊन उभी होती, स्वतःवर नाही, पुस्तकांवर धरून.

झालं होतं असं, की आईचं घर बंद करून तिला कायमचं आमच्याकडे आणायचं होतं. मोठं सामान आधीच ट्रकने गेलं होतं. उरलेलं ‘आपल्या गाडीत मावेल’ असं ठरलं. गाडी साधी हॅचबॅक, माणसं चार (आम्ही दोघं, आई आणि नऊ वर्षांची लेक), अंतर ६२० किलोमीटर, मध्ये एक मुक्काम. निघायच्या आदल्या रात्री सगळे एकच प्रश्न विचारत होते, ‘मावेल का?’ मावलं. डिकी ठासून भरली, मागच्या सीटचा एका माणसाचा भाग पाडून तिथेही खोकी रचली, खाचाखोचांत चपला कोंबल्या. कोणीही विचारलं नाही की याचं वजन किती, आणि करकचून ब्रेक लागला तर यातलं काय कुठे जाईल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पंक्चरच्याही आधी मिळालं होतं. शहराबाहेर पडताना एक कुत्रं अचानक आडवं आलं. वेग चाळीसही नसेल. मी ब्रेक दाबला, कुत्रं वाचलं. मागून एक खोकं घसरत येऊन माझ्या सीटच्या पाठीवर आदळलं आणि लेकीच्या शेजारची स्टीलची बाटली दोन सीटच्या मधून उडून पुढे आली. हँडब्रेकवर टण्णकन आपटली आणि घरंगळत माझ्या पायाशी. ब्रेकच्या पेडलखाली ती गेली असती तर? मी गाडी बाजूला घेतली, बाटली उचलली आणि दोन मिनिटं नुसती बसून राहिले. लेक म्हणाली, ‘आई, ती उडाली!’ तिला मजा वाटली होती.

रात्री मुक्कामी पोचल्यावर नवऱ्याने गाडीचं मॅन्युअल काढलं. ते इतकी वर्षं ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून होतं. त्यात दोन आकडे असतात: गाडीचं रिकामं वजन आणि सामान-माणसांसकट कमाल एकूण वजन. आमच्या गाडीचे १,००० आणि १,४०० किलो. म्हणजे भार ४०० किलो, आणि तो माणसं धरून. आम्ही चौघं मिळून २२८. उरले १७२. बॅगा तोलायचा छोटा टांगता काटा नवऱ्याच्या सामानात होता (इतकी वर्षं मी त्याची त्यावरून थट्टा करत आले, ती मागे घेते). सगळं तोललं तर २०३ किलो भरलं. ३१ किलो जास्त! काटा नसेल तर घरच्या वजनाच्या यंत्रावर खोकं हातात घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, तेवढ्याने भागतं.

जादा वजनाने गाडी काही तिथल्या तिथे मोडून पडत नाही, म्हणूनच ते लक्षात येत नाही. पण दिवसभर मला जे जाणवत होतं त्याचा अर्थ आता लागला. गाडी थांबायला नेहमीपेक्षा उशीर करत होती. ओव्हरटेक करताना पिकअप येतच नव्हता. मागचा भाग बसल्यामुळे स्टिअरिंग हलकं, पोकळ लागत होतं. आणि संध्याकाळी समोरून येणारा जो तो मला अप्पर मारत होता. ‘मी डिपरवरच आहे, यांना झालंय काय?’ म्हणून मी चिडत होते. गाडीची शेपटी खाली गेली की नाक वर होतं, मग डिपरचा झोतसुद्धा समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. यासाठी डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटं चाक असतं, त्यावर ० ते ३ आकडे. आकडा वाढवला की झोत खाली येतो. कोणत्या भाराला कोणता आकडा, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काही गाड्यांत हे आपोआप होतं. आमच्या गाडीत होत नाही.

टायरचंही तेच. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर हवेचे दोन हिशेब असतात, नेहमीचा आणि पूर्ण भाराचा. आमच्याकडे मागच्या चाकांना पूर्ण भाराला ६ पीएसआय जास्त सांगितली आहे. आम्ही नेहमीचीच हवा भरून निघालो होतो. पंक्चर खिळ्याने झालं, त्याचा दोष हवेला देणार नाही. पण कमी हवा आणि जास्त वजन असलं की टायरच्या बाजू सतत दबून तापतात, आणि असा टायर भर वेगात फुटू शकतो. हवा टायर थंड असताना, म्हणजे निघण्याआधी तपासायची. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दाखवतो आणि आपण फसतो.

आता शिलाई मशीन. आईचं जुनं, बिडाचं, काट्यावर १३ किलो भरलेलं. पहिल्या दिवशी आम्ही ते सगळ्यांच्या वर ठेवलं होतं, ‘नाजूक आहे, खाली दबेल’ म्हणून. बिडाचं मशीन दबेल! त्या रात्री मी कागदावर साधा हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून थांबली की आतली न बांधलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. वरून पडणाऱ्या वस्तूला हा वेग यायला साधारण १० मीटर उंची लागते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका तो तडाखा. ताशी १०० ला ही उंची दुप्पट नाही, चौपट होते, जवळजवळ ४० मीटर. आणि आम्ही ते मशीन सीटच्या पाठीपेक्षा उंच, बरोबर आईच्या डोक्यामागे ठेवलं होतं. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

सीटची पाठ असतेच की मध्ये, असं वाटतं. असते. पण तिलाही हिशेब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १७ प्रमाणे सीटची पाठ तपासतात तेव्हा मागे प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात, ३० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचे, आणि ताशी सुमारे ५० च्या धडकेचा धक्का देतात. म्हणजे ३६ किलो. आमच्या डिकीत त्याच्या तिपटीहून जास्त होतं, आणि सीटचा एक भाग तर आम्हीच पाडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकांची दोन खोकी आणि कपड्यांचं एक बोचकं, मिळून ४१ किलो, तिथूनच पार्सलने पुढे पाठवलं. राहिलं १६२. मग मुक्कामाच्या आवारात डिकी पूर्ण रिकामी करून नव्याने भरली. याला दीड तास लागला. घरीच केलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं.

आधी पाडलेली सीट उभी केली. ती उभी करताना खटका बसल्याचा आवाज ऐका आणि वरच्या कडेला पाहा. आमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत खटका नीट बसला नसेल तर एक लाल खूण दिसत राहते. पाठ हाताने जोरात ओढून बघितली. मधल्या रिकाम्या जागेचा बेल्टही लावून टाकला. मागे कोणीच बसणार नसेल तर दोन्ही बाजूंचे बेल्ट उलटसुलट, म्हणजे उजव्याचा डाव्या खटक्यात आणि डाव्याचा उजव्या, असे फुलीसारखे लावायचे. पाठीला तेवढाच जास्त आधार.

मग जड सामान. ते तळाशी आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून. चिकटून याला महत्त्व आहे. मध्ये वीतभर फट राहिली तरी खोक्याला धावायला जागा मिळते आणि ते वेग घेऊन आदळतं. आधीच टेकलेलं असेल तर नुसतं दाबतं. पुस्तकांची उरलेली खोकी पाठीला लावली, मशीन त्यांच्या मागे तळावर आडवं, मधल्या फटींत गोधड्या आणि उशा. आमच्या गाडीत डिकीच्या चार कोपऱ्यांत लोखंडी कड्या आहेत. मी पिशव्या अडकवायच्या समजत होते, त्या सामान बांधायच्या निघाल्या. खटक्याने आवळायचे दोन नायलॉनचे पट्टे फुलीसारखे टाकून मशीन आणि खोकी आवळली. पारख सोपी आहे: मशीन धरून जोरात हलवायचं. सामानाबरोबर गाडी हलली तर बरोबर, एकटं सामान हललं तर पुन्हा आवळा. रबरी हुकाच्या दोऱ्यांवर मात्र जड वस्तू सोपवू नका. त्या ताणल्या जातात, म्हणजे ऐन वेळी नको तेच करतात. चादरी धरून ठेवायला ठीक आहेत.

उंची सीटच्या पाठीच्या कडेपर्यंतच ठेवली. त्यावर रचायचंच असेल तर मध्ये जाळी हवी, नाहीतर निदान ते मऊ सामान हवं. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही नको, छत्रीसुद्धा नाही. टपावर काही टाकावं असा विचार नवऱ्याने बोलून दाखवला, पण टपाचीही मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, बहुतेक छोट्या गाड्यांत ५० ते ७५ किलो, आणि त्यात कॅरिअरचं वजनही आलं. शिवाय उंचावरच्या वजनाने वळणावर गाडी झुकते. ज्यांना टपावर न्यायचंच आहे त्यांनी हलकं न्यावं आणि पट्ट्याला एक-दोन पीळ द्यावेत, नाहीतर वाऱ्याने तो रस्ताभर गुणगुणत राहतो.

गाद्या कुठे गेल्या? लेकीच्या पायाखाली. बूस्टरवर, म्हणजे मुलांना उंच बसवायच्या बैठकीवर, बसली की तिचे पाय लोंबकळतात, त्यामुळे तिथली जागा रिकामीच असते. एक गुंडाळी नेमकी बसली, तिचे पायही टेकले. माझ्या पायाशी मात्र काहीच नाही, आणि पाण्याच्या बाटल्या दरवाजांच्या कप्प्यांत.

खरा वाद झाला तो भिंतीवरच्या घड्याळावरून. आई ते पहिल्या दिवशी मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी धरून. ‘अगं, मी सांभाळून धरते, डिकीत फुटेल ते.’ मी म्हटलं, ‘फुटू दे गं, पण तुझ्या छातीवर नको फुटायला.’ ती रुसली. शेवटी लेकीने ते दोन उशांमध्ये घालून, खोळ चढवून डिकीत मऊ सामानात ठेवलं आणि आजीला उघडून दाखवलं, तेव्हा मिटलं. पुढे बसणाऱ्यानेही मांडीवर पेटी-बॅग घेऊ नये. एअरबॅग उघडली तर ती बॅग तोंडावरच येते. खिडकीवरच्या दांडीला हँगर लटकवणंही तेव्हापासून बंद केलं, कारण पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथूनच खाली येते.

त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि टॉर्च माझ्या सीटखाली घट्ट बसवून ठेवले. जॅक आणि पाना वेगळ्या पिशवीत, डिकीच्या दाराशी, पट्ट्याखाली. स्टेपनी गाडीच्या खालून काढता येत नाही, डिकीतूनच काढावी लागते, त्यामुळे पुन्हा पंक्चर झालं असतं तर सामान उतरवावं लागलंच असतं, पण या वेळी पावसापासून झाकायला एक प्लॅस्टिकची ताडपत्री सगळ्यात वर होती. स्प्रेचे डबे आणि पॉवर बँक डिकीतून काढून हाताशी ठेवले, म्हणजे गाडी उभी केली की सोबत नेता येतात. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत सहज ५० अंशांच्या वर जातं आणि त्या डब्यांवर नेमकी ५० चीच मर्यादा छापलेली असते.

निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून पट्टे पाहिले. एक चांगलाच सैल झाला होता. सामान बसतं तसा पट्टा ढिला पडतो. पुन्हा आवळला. त्यानंतरचा प्रवास सांगण्यासारखा नाही. वेग नेहमीपेक्षा कमी, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त, उतारावर खालच्या गिअरमध्ये, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. समोरून कोणी अप्पर मारला नाही. दोनदा करकचून ब्रेक लागला, मागून आवाज आला नाही.

पोचल्यावर डिकी उघडताना एक हात आत घालून, हळूच उघडा. आम्ही विसरलो आणि एक पातेलं पायावर पडलं. घड्याळ उशीत टिकटिकत होतं.

गाडी रिकामी झाली की हवा पुन्हा नेहमीची करायची आणि ते दिव्यांचं चाक शून्यावर आणायचं. हवा दुसऱ्याच दिवशी कमी केली. चाक मात्र चार दिवस २ वरच होतं, आणि रात्री पुढचा रस्ता नीट दिसत नाही म्हणून मी डोळे तपासायची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती.